लहान मूल आणि संगीत : आधी गोडी, मग गाणं



आजचा विषय ठरला त्याला एक छोटं निमित्त आहे. मध्यंतरी मंचरच्या एक ताई आमच्याकडे आल्या होत्या. मुलगी साडेतीन वर्षांची. म्हणाल्या, "सर, हिला गाण्याच्या क्लासला घालायचंय. पेटी लावू, तबला लावू, की कीबोर्ड?" आता आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, गाणं नव्हे. त्यामुळे सवयीने उलटा प्रश्न विचारला, "तुम्ही घरात गाता का?" त्या चपापल्या. म्हणाल्या, "छे हो, मला कुठलं गाता येतंय! म्हणून तर क्लास शोधतेय."

हे "म्हणून तर" आमच्या डोक्यात राहिलं. आज त्याच्यावरच बोलायचं आहे. आमचं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे घोटाळा नको. लहान मुलाला संगीताची गोडी लावायची तर पहिली सहा-सात वर्षं दोन गोष्टी लागतात. एक, घरातल्या माणसांचा आवाज, तो कसाही असो. दुसरी, चारचौघांत बसून गाण्या-वाजवण्याची संधी. क्लास, वही, परीक्षा यांनाही जागा आहे, पण ती नंतरची.

कान आधी जागा होतो

मूल जन्माला येतं तेव्हा त्याचा कान कोरा नसतो. पोटात सहाव्या-सातव्या महिन्यापासून बाळाला ऐकू यायला लागतं. शब्द स्पष्ट पोहोचत नाहीत, पण आवाजाचा चढउतार आणि लय पोहोचते. 1980 साली डीकॅस्पर आणि फायफर या दोघा अमेरिकन संशोधकांनी अगदी तान्ह्या, तीन दिवसांच्या आतल्या बाळांवर एक प्रयोग केला. चोखणीला यंत्र जोडलेलं. बाळाने एका तऱ्हेने चोखलं की आईचा आवाज ऐकू यायचा, दुसऱ्या तऱ्हेने चोखलं की परक्या बाईचा. बाळं चोखण्याची तऱ्हा बदलून आईचा आवाज निवडायला लागली. म्हणजे आवड-निवड तिथपासून सुरू.

दुसरा प्रयोग 2005 सालचा, हॅनन आणि ट्रेहब या दोघींचा. युरोपातल्या बाल्कन भागातल्या लोकसंगीतात सात मात्रांसारखी विषम वजनं असतात. उत्तर अमेरिकेत साध्या चारच्या लयीत वाढलेल्या मोठ्या माणसांना त्या वजनातली गडबड ओळखता येईना. सहा महिन्यांच्या बाळांना ती ओळखता आली! एक वर्षाची बाळं मात्र मोठ्यांसारखीच चुकायला लागली होती. पण त्यांना दोन आठवडे घरी ते संगीत ऐकवलं, तर त्यांचा कान पुन्हा उघडला. मोठ्यांचं तेवढ्याने भागलं नाही.

याचा अर्थ काय? मूल सगळ्या लयींसाठी तयार होऊन येतं आणि जे कानावर पडतं तेवढंच पुढे धरून ठेवतं. आपल्याकडे सहा मात्रांचा दादरा आहे, सातांचा रूपक आहे, आठांचा भजनी ठेका आहे, दहांचा झपताल आहे. हे सगळं बाळाच्या कानावरून सहज गेलं पाहिजे. दिवसभर एकच धबधब ऐकून मोठं झालेलं मूल बाकीच्या लयींना परकं होतं. तो त्या मुलाचा दोष नाही.

इथे एक गैरसमज दूर करू. "मोझार्ट ऐकवलं की बाळ हुशार होतं," असं तुम्ही ऐकलं असेल. मूळ प्रयोग 1993 चा. तो 36 कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर झाला होता, बाळांवर नव्हेच. आणि एका प्रकारच्या कोड्यांत जो फायदा दिसला, तो दहा-पंधरा मिनिटं टिकला. एवढ्या भांडवलावर पुढे बाळांसाठी सीड्यांचा बाजार उभा राहिला. तेव्हा गणित सुधारावं म्हणून गाणं ऐकवू नका. गाणं हे गाण्यासाठीच पुरेसं आहे.

जातं गेलं, आवाज कुठे गेला?

आमचं मूळ गाव घोड नदीच्या काठचं, आंबेगाव तालुक्यातलं. आमच्या लहानपणी पहाटे जाग यायची ती जात्याच्या घरघरीने. आई दळायची, चुलती समोर बसायची आणि ओवी सुरू व्हायची. आम्ही आईच्या मांडीवर डोकं ठेवून झोपलेलो. जात्याचा फेरा आणि ओवीची ओढ एकाच लयीत अंगात शिरायची. कुणी आम्हाला शिकवत नव्हतं. हेमा राईरकर आणि गी पॉइट्व्हाँ यांनी सहकाऱ्यांसह खेड्यापाड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. ओवी म्हणणाऱ्या त्या बायांपैकी कुणी क्लासला गेली होती का?

आता आम्ही इथे जात्याची आरती ओवाळणार नाही. पहाटे चारला उठून दळण दळणं हा जाच होता, आणि ओव्यांमध्ये बायांनी तो सांगितलाही आहे. पिठाची गिरणी आली ते उत्तमच झालं. पण गिरणीने दळण नेलं, त्याबरोबर आवाजही गेला, आणि तो परत आणण्याचा विचार आपण केला नाही. त्या जागी मोबाइल आला.

आता कुणी म्हणेल, मोबाइलवर तर चांगलं गाणाऱ्यांची गाणी आहेत, आईपेक्षा सुरेल. बरोबर आहे. पण फरक पाहा. आई गाताना मुलाने मध्येच "आऽ" केलं, तर आई थांबते, हसते, त्याच्या "आऽ"ला "आऽ" देते, पुन्हा पहिल्यापासून म्हणते. मूल पेंगायला लागलं की गाणं आपोआप संथ होतं. मोबाइल थांबत नाही. त्याला मूल समोर आहे की नाही हेच कळत नाही. मूल बोलायलाही असंच शिकतं, समोरच्याने उत्तर दिल्यामुळे. टीव्हीसमोर बसवून कुणाचं पोर मराठी बोलायला शिकलं आहे का?

जपानचे शिनिची सुझुकी हे व्हायोलिन शिकवायचे. त्यांची सगळी पद्धत एका साध्या निरीक्षणावर उभी आहे: जपानमधली सगळी मुलं जपानी बोलतात. हंगेरीचे झोल्तान कोदाय यांनी सांगितलं, की मुलाचं संगीत त्याच्या मातृभाषेतल्या लोकगीतांपासून सुरू व्हावं. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडला बालवाडीचं जे काम केलं, त्यातही मुलांच्या परिसरातल्या वस्तू आणि मुलांची गाणी शिक्षणात आणली. तिन्ही ठिकाणी सूत्र एकच: परक्यापासून सुरुवात करू नका, घरापासून करा.

भजनात मूल कसं शिरतं

जुन्नर-आंबेगावातल्या गावोगावच्या देवळांत भजन असतं. तिथे एखादं चार वर्षांचं पोर काय करतं ते एकदा नीट बघा.

पहिल्यांदा ते आजोबांच्या मांडीवर नुसतं बसतं. पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावताना टक लावून बघतं. मग टाळ्या वाजवायला लागतं, अर्ध्या चुकीच्या. काही दिवसांनी कुणीतरी त्याच्या हातात टाळ देतं. टाळ जड असतो, दोन मिनिटांत हात दुखतो, ते खाली ठेवतं, पुन्हा उचलतं. मग एक दिवस ध्रुवपदात त्याचा आवाज मिसळतो. बुवा पुढे कडवं म्हणतात आणि सगळे ध्रुवपद उचलतात, त्यात हा बारीक आवाज. चुकला तरी झाकला जातो. आणि तीन-चार वर्षांनी कुणीतरी म्हणतं, "ए, एक अभंग म्हण रे."

या पायऱ्या कुणी वहीत लिहून ठेवलेल्या नाहीत, पण त्या फार शहाणपणाच्या आहेत. आधी ऐकणं, मग अंगाने लय धरणं, मग घोळक्यात गाणं, शेवटी एकट्याने गाणं. क्लासमध्ये आपण बहुतेक वेळा उलटं करतो. पहिल्या दिवशी एकट्याला उभं करतो आणि "सा लाव" म्हणतो.

आणखी एक गोष्ट. भजनात मोठी माणसं मुलासाठी गात नसतात, स्वतःसाठी गात असतात. मुलाला ते बरोबर कळतं. जे मोठ्यांना खरंच हवं आहे तेच त्याला हवंसं वाटतं. तुम्ही स्वतः कधी गाणं ऐकत नसाल आणि मुलाला मात्र क्लासला पिटाळत असाल, तर गाणं म्हणजे पोलिओच्या डोसासारखं काहीतरी असावं, असंच त्याला वाटणार.

हा प्रश्न फार जुना आहे. अॅरिस्टॉटलने 'पॉलिटिक्स'च्या आठव्या भागात विचारलं आहे, की मुलांनी स्वतः गावं-वाजवावं, की नुसतं ऐकायला शिकावं? तो म्हणतो, ज्याने स्वतः कधी हात घातला नाही तो चांगला पारखी होणं कठीण. तिथेच तो आर्किटस नावाच्या विचारवंताच्या खुळखुळ्याचा उल्लेख करतो. लहान मुलांना खुळखुळा द्यावा, म्हणजे ती घरातल्या वस्तू फोडत नाहीत. बघा, अडीच हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीसमध्येही पोरं घर डोक्यावर घेत होती! आपल्या परंपरेत रसिकाला 'सहृदय' असा सुंदर शब्द आहे. अभिनवगुप्तांनी तो फार मोलाचा मानला. आपलं प्रत्येक मूल गायक होणार नाही. प्रत्येक मूल सहृदय मात्र होऊ शकतं, आणि तेवढं साधलं तरी पालक म्हणून आपलं काम झालं.

चूक कुणाच्या आवाजाची?

आता थोडं स्वतःबद्दल. तिसरीत असताना आमच्या शाळेत गॅदरिंगला समूहगीत होतं. तालमीला मास्तर पेटीवर होते. ते मध्येच थांबले, आमच्याकडे बोट केलं आणि म्हणाले, "तू गाऊ नको. नुसते ओठ हलव." सगळी पोरं हसली. आम्ही गॅदरिंगमध्ये नुसते ओठ हलवले, आणि त्यानंतर जवळपास पन्नास वर्षं तेच केलं. आरतीला ओठ हलवायचे, राष्ट्रगीताला ओठ हलवायचे. आपण बेसूर आहोत, ही आमच्यासाठी उंची-वजनासारखी पक्की गोष्ट झाली.

मग नात झाली. तीन वर्षांची असताना एकदा म्हणाली, "आजोबा, गाणं म्हणा ना." घरात दुसरं कुणी नव्हतं, म्हणून धीर करून लहानपणी ऐकलेलं एक भजन म्हटलं, आमच्या जाड्या-भरड्या आवाजात. तिने आमच्यामागून म्हणायचा प्रयत्न केला. घसा खरवडून, आवाज जाड करून, कुठल्या कुठे. आम्हाला वाटलं, झालं, ही पण आमच्यावरच गेली. संध्याकाळी तिच्या आजीने तेच भजन तिच्या पट्टीत म्हटलं. पोरीने एकूण एक सूर बरोबर उचलला.

आम्ही एका गाण्याच्या जाणकार मित्राला विचारलं. त्यांनी सांगितलं ते तुम्हालाही सांगतो, कारण ते फार उपयोगाचं आहे. चार-पाच वर्षांच्या मुलाचा आवाज सहजपणे पाच-सहा सुरांतच फिरतो. पेटीवर बोलायचं तर मधल्या सप्तकातल्या पांढरी दोनपासून पांढरी सहापर्यंत, साधारण तेवढा. पुरुषाच्या खालच्या पट्टीत ते उतरू शकत नाही. सिनेमातलं गाणं वर गेलं की तिथे ते पोहोचत नाही, मग ओरडतं. आपण म्हणतो बेसूर. खरोखर ज्यांना सुरातला फरक कळत नाही अशी माणसं फार थोडी असतात. बहुतेक "बेसूर" मुलांना त्यांची पट्टी कुणी शोधूनच दिलेली नसते.

त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही. त्या समूहगीताची पट्टी कुणासाठी लावली होती? मास्तरांच्या स्वतःच्या गळ्यासाठी, की आमच्या? आता ते कळायला मार्ग नाही. मास्तर वाईट नव्हते, मायाळू होते. पण एका वाक्याने एका पोराचं गाणं गेलं. म्हणून सांगतो, मुलाला "तुला आवाज नाही" असं चुकूनही म्हणू नका. चेष्टेतही नाही.

नारायणगावची ढोलकी

आपण आज नारायणगावात बसलो आहोत. याला तमाशाची पंढरी म्हणतात. यात्रांचा हंगाम आला की इथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे कारभारी सुपारी ठरवायला येतात. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर इथल्याच फडाच्या. वडील आणि चुलते, भाऊ-बापू, यांच्या फडात त्या लहानाच्या मोठ्या झाल्या. ढोलकी, हलगी, तुणतुणं कानाशी घेऊनच. भजनातल्या पोराबद्दल जे आपण पाहिलं, तेच शिक्षण फडातही होतं. त्यांना 1957 आणि 1990 असं दोनदा राष्ट्रपतींच्या हस्ते गौरवलं गेलं. 2002 मध्ये त्या गेल्या. आता राज्य सरकार त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार देतं.

आणि तरीही. आम्ही सात-आठ वर्षांचे असताना यात्रेतली ढोलकी ऐकून घरी आलो आणि रॉकेलच्या डब्यावर ठेका धरला. वडिलांनी कान पिळला. "हे आपलं नव्हे," म्हणाले. पखवाज आपला, ढोलकी त्यांची. आमच्या घरात संगीताला जात होती, आणि वडिलांनी ती आम्हाला त्या दिवशी शिकवली. तेच वडील यात्रेत तमाशाच्या कनातीत पुढे बसायचे, हे आम्हाला पुढे कळलं.

मुलाच्या कानाला जात कळत नाही. ती आपण शिकवतो, आणि ती शिकवताना त्याचं अर्धं संगीत काढून घेतो. आजही आपल्या तालुक्यांत मुलाच्या तबल्याच्या क्लासचं कौतुक होतं आणि हलगीवर कुणाचं पोर अप्रतिम वाजवतं याची शाळेला खबरही नसते. त्या पोराला शाळेत एकदा सगळ्यांसमोर वाजवायला सांगा. त्याचा फायदा त्याला होईलच, पण ऐकणाऱ्या चाळीस जणांना जास्त होईल.

क्लास कधी?

आता ताईंच्या प्रश्नाकडे येऊ. दोन वर्षांपर्यंत मांडीवर, झोळीत, अंघोळीच्या वेळी गा. तीच तीच दोन-चार गाणी. मुलांना तेच तेच हवं असतं. दोन ते चार, हातात वाजणारं काहीतरी द्या: टाळ, खुळखुळा, उलटं पातेलं. गाण्याबरोबर चालू द्या, नाचू द्या. चार ते सहा, हाकेचा खेळ खेळा. शेताच्या एका बांधावरून "ओऽ आईऽ" अशी लांब हाक मारायला लावा, तुम्ही दुसऱ्या बांधावरून तशीच द्या. बोलण्याचा आवाज आणि गाण्याचा आवाज वेगळा असतो, हे मुलाला त्यातून आपोआप सापडतं. आणि पट्टी त्याची ठेवा, तुमची नव्हे.

सात-आठ वर्षांनंतर मुलानेच मागितलं तर क्लास जरूर लावा. विष्णु दिगंबर पलुस्करांनी 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि गाणं मोजक्या घराण्यांतून साध्या घरांत आणलं. ते उपकार मोठे आहेत. पुढच्या परीक्षांनी शिक्षणाला शिस्त दिली, हेही खरं. फक्त सर्टिफिकेट भिंतीवर आणि पेटी माळ्यावर, असं होऊ देऊ नका. शिक्षक निवडताना एकच पाहा: तासाला मूल हसत जातं का, आणि घरी आल्यावर न सांगता गुणगुणतं का.

प्रश्नोत्तरं

*प्रश्न : घरात खरंच कुणालाच गाता येत नसेल तर?*

आमच्याहून वाईट नसाल! मुलाला गवई नको असतो, आपलं माणूस हवं असतं. तरी वाटलं तर शेजारच्या आजींकडे पाठवा, देवळातल्या भजनाला घेऊन बसा. पण तुम्हीही सोबत बसा.

*प्रश्न : यात्रेत, लग्नात डीजे असतो. मुलं तर त्यावर खूश असतात.*

नाचू द्या, पण लांबून. 85 डेसिबलचा आवाज आठ तासांपर्यंत चालतो असं मानलं, तर दर तीन डेसिबलला ती वेळ निम्मी होते. 88 ला चार तास, 91 ला दोन तास. डीजे याच्या खूपच वर असतो. आणि हे हिशेब मोठ्या कामगारांच्या कानांचे आहेत, मुलांचे कान आणखी जपायला हवेत. इथून जवळच खोडदला जीएमआरटी दुर्बीण आहे. 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या अवकाशातले अतिशय क्षीण रेडिओ संदेश टिपतात. ती इथे का उभारली? या भागात रेडिओ लहरींचा गोंगाट कमी होता म्हणून. बारीक ऐकायचं तर आसपास शांतता लागते, हे त्या शास्त्रज्ञांना कळलं. बाळाचा कान त्या दुर्बिणीपेक्षा कमी नाजूक नाही.

*प्रश्न : त्या मंचरच्या ताईंनी शेवटी काय केलं?*

परवा त्यांचा फोन आला होता. क्लास अजून लावलेला नाही. भाकरी थापताना गातात म्हणाल्या. पोरगी परातीवर ठेका धरते आणि "आई, तू चुकलीस" असं सांगते. आम्ही म्हटलं, ताई, कान तयार व्हायला लागला.

आम्हीही आता आरतीला ओठ हलवत नाही, गातो. शेजारचे सहन करतात. आज घरी गेल्यावर तुम्हीही एक गाणं म्हणा, मुलाच्या पट्टीत.